वाचकांचे प्रश्न : पेरूतल्या लिमाहून दक्षिणेला, वाळवंटी किनाऱ्याने

प्रश्न : लिमा पाहून पुढे पाराकास, इका आणि नाझ्का असे बसने फिरायचे आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले. पाच दिवस पुरतील का? विरळ हवेचा त्रास होईल का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : पुरतील, फक्त रोजची आखणी वाऱ्याकडे बघून करा. या किनाऱ्यालगत हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्याने खालची हवा गार राहते, वर चढत नाही. त्यामुळे ढग दाटतात, पण पाऊस पडत नाही. दुपारी वाळू तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि पाराकासला तर कधी कधी वाळूचे वादळ होते. म्हणून होडी आणि विमान सकाळी, वाळूच्या टेकड्या संध्याकाळी.

लिमा ते पाराकास सुमारे २६० किलोमीटर, बसला चार तास. लिमात बहुतेक बसकंपन्यांची स्थानके वेगवेगळी आहेत, तेव्हा तिकिटावरचा पत्ता नीट वाचा. तिकीट काढताना पासपोर्टचा क्रमांक लागतो. दुमजली बसमध्ये खालचा मजला घ्या. जिना चढावा लागत नाही आणि खुर्च्या जास्त मागे पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची होडी धरून बायेस्तास बेटे पाहा. फेरी दोन तासांची, बेटांवर उतरू देत नाहीत. समुद्रसिंह आणि हम्बोल्ट पेंग्विन जवळून दिसतात. होडी उघडी असते आणि डोक्यावर पक्ष्यांचे थवे, त्यामुळे टोपी हवीच. वाऱ्याचे जाकीटही ठेवा. बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या.

तिथून इका सव्वा तासावर, आणि इकापासून वाकाचिनाचे तळे ५ किलोमीटरवर. वाळूतल्या बग्ग्या चारच्या सुमारास निघतात. त्या उभ्या उतारावरून सरळ खाली झेपावतात, म्हणून मान-कंबरेचे दुखणे असेल तर बसू नका. टेकडी पायी चढा, सूर्यास्त तोच दिसतो. मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. चार्जिंगच्या भोकात गेलेली बारीक वाळू सहज निघत नाही.

नाझ्काच्या रेषा म्हणजे वाळवंटात कोरलेल्या प्राचीन, प्रचंड आकृत्या. त्यांच्यावरून छोटे विमान अर्धा तास फिरते. दोन्ही बाजूंना आकृत्या दिसाव्यात म्हणून वैमानिक ते आलटून पालटून कलवतो, आणि पोट ढवळते ते यानेच. आधी हलके खा, भरल्या पोटी बसू नका. पासपोर्ट सोबत हवा. वजन करतात, आणि विमानतळाचे शुल्क बहुधा वेगळे द्यावे लागते. सकाळच्या धुक्याने उड्डाणे लांबतात, म्हणून परतीची बस दुपारनंतरची धरा. नाझ्का ते लिमा सुमारे ४५० किलोमीटर, सात तास तरी जातात. मायदेशीचे विमान त्याच रात्री ठेवू नका.

विरळ हवेची काळजी सोडा. नाझ्का साधारण ५२० मीटरवर आहे. आपले महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून उंच. अँडीज पर्वतातल्या कुस्कोला गेलात तर मात्र ३,४०० मीटर, तो विषय वेगळा.

प्रश्न : लिमाच्या खाण्याचे इतके कौतुक ऐकतो. घरात दोघे मासे खाणारे, दोघे शुद्ध शाकाहारी. कसे जमवावे? (सातारा)

उत्तर : मासे खाणाऱ्यांनी सेविचे दुपारीच खावे. कच्च्या माशावर लिंबाचा रस, कांदा, मिरची. हल्ली तो रसात काही मिनिटेच ठेवतात. मासळी सकाळची ताजी असते, म्हणून सेविचेची बहुतेक दुकाने संध्याकाळी बंद होतात. लिंबाने मासा पांढरा पडतो, पण शिजत नाही आणि जंतूही मरतातच असे नाही. गर्दीचे दुकान निवडा. पोट नाजूक असेल तर तळलेला मासा मागवा.

शाकाहाऱ्यांनी 'पापा आ ला वांकाईना' घ्यावे : उकडलेला बटाटा, वर चीज आणि पिवळ्या मिरचीची दाट चटणी. उकडलेले अंडे सजावटीला येते, ते नको सांगा. 'काउसा' हा लिंबू-मिरची घातलेल्या बटाट्याचा थंड थर, आत बहुधा कोंबडी किंवा टुना. त्याऐवजी 'पाल्ता', म्हणजे अव्होकाडो, भरून मागा. फसगत होते ती सूप आणि कडधान्यांत. भाजी दिसते, पण रस्सा कोंबडीचा किंवा फोडणी डुकराच्या चरबीची असते. 'सिन कार्ने' (मांस नको) एवढे पुरत नाही, कारण कोंबडी-माशाला तिथे 'कार्ने' धरत नाहीत. 'सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो, सिन मान्तेका' (कोंबडी, मासा, मांसाचा रस्सा, चरबी नको) असे एकेक सांगा. गोडात पिकारोनेस चुकवू नका : भोपळा-रताळ्याची तळलेली कडी, वर चांकाकाचा पाक. चांकाका म्हणजे उसाचा गूळच.

नळाचे पाणी पिऊ नका.

प्रश्न : इकाच्या द्राक्षबागा कधी पाहाव्यात? (तासगाव)

उत्तर : निर्यातीच्या खाण्याच्या द्राक्षांची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, पिस्कोच्या (द्राक्षांपासून गाळलेल्या तिथल्या दारूच्या) द्राक्षांची फेब्रुवारी-मार्च, म्हणजे तुमची बेदाण्याची शेडे भरलेली असताना. मार्चअखेर जमले तर भट्टी चालू दिसेल. पिस्कोसाठी ८ वाणांना मान्यता आहे, इकात केब्रान्ता जास्त. पाणी मिसळायचे नाही आणि लाकडी पिंपात मुरवायचे नाही, हा तिथला नियम.

पाऊस नसल्यातच जमा, म्हणून बागा विहिरी-बोअर आणि ठिबकवर चालतात, आणि भूजल खाली चालले आहे. बागेत गेलात तर बोअरची खोली आणि पाण्याची क्षारता आवर्जून विचारा. आपल्याकडच्या बागांना ती माहिती उपयोगी पडेल. कलमे किंवा काड्या मात्र बॅगेत आणू नका, परवान्याशिवाय त्या विमानतळावर जप्त होतात.