हुलजंतीला गाडीनं गेलो म्हणून परंपरा मोडली का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सांगोला तालुक्यातली, सोलापूरला समाजशास्त्रात एमए करतेय. आमचे आजोबा दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. वडलांनी मेंढ्या विकून डाळिंब लावलं, भाऊ आता पिकअप चालवतो. यंदा हुलजंतीच्या जत्रेला आम्ही सगळे गाडीनं गेलो, पालखीवर उधळायला लोकर लागते ती भावानं दुसऱ्याच्या वाड्यावरनं, म्हणजे मेंढपाळाच्या तळावरनं, मागून आणली. मला फार वाईट वाटलं. प्रबंधाला 'धनगरांची लोप पावत चाललेली परंपरा' असा विषय सरांनी सुचवलाय, घेऊ का?

उत्तर : अगं, असा विषय घेतलास तर निकाल आधीच लागलाय, मग अभ्यास कशाचा करणार? ती मागून आणलेली लोकर धर, बाकी सगळं तिच्या मागनं येईल.

आधी जत्रा बघ. मंगळवेढा तालुक्यातलं हुलजंती, महालिंगरायाचं देऊळ, दिवाळीच्या अमावस्येच्या रात्री शिखराला मुंडास दिसतं ते खुद्द शंकर-पार्वती येऊन बांधतात अशी श्रद्धा, मग पालख्यांच्या भेटी, भंडारा, लोकर, खोबरं, आणि शेवटी भाकणूक, की पाऊस कसा होईल, धान्याला भाव काय, जनावरांवर रोगराई येईल का. हे सगळं दिवाळीतच का? पावसाळ्यात आपल्या माळावर चारा असतो तोवर बरेच वाडे घराच्या आसपास असतात, दिवाळीनंतर माळ वाळायला लागतो नि बिऱ्हाड घोड्यावर चढतं. म्हणजे पांगायच्या आधी सगळ्यांची गाठ पडायची ती हीच वेळ, आणि पुढचे सात-आठ महिने ज्याला दुसऱ्याच्या रानात काढायचेत त्याला पावसाचं नि रोगराईचं ऐकायचंच असतं. मला तर वाटतं जत्रेची तिथी आणि वाटेचं वेळापत्रक एकमेकांत असं गुंतलेलं आहे. आता तुझ्या वडलांना कुठं जायचं नाही, पण डाळिंबाला पाऊस कधी पडतो हे आजोबांपेक्षा त्यांना जास्त जपावं लागतं, तेल्या रोग आला की बाग गेली. मग ते भाकणूक कशासाठी ऐकतात, विचारलंयस कधी?

आता लोकर. आजोबांना ती घरच्या मेंढीची मिळायची, भावाला माणूस शोधावा लागला. कुणाकडनं आणली, पैसे दिले का, का देवाचं काम म्हणून त्यानं तशीच दिली, ते घर तुमच्या भावकीतलं का पाहुण्यातलं, हे एकेक लिहून काढ. ज्यांनी मेंढ्या सोडल्या त्यांना वर्षातनं एकदा तरी ज्यांनी सोडल्या नाहीत त्यांच्या दारात जावं लागतंय, हे नातं आजोबांच्या काळात नव्हतंच, ते आत्ता तयार होतंय आणि तुझ्या डोळ्यांदेखत होतंय. शिवाय पुढची अडचण अशी की मेंढ्या असलेल्याकडे सुद्धा चांगली काळी लोकर असेलच असं नाही, कारण लोकर आपल्या दख्खनी मेंढीची, जिची घोंगडी सनगर लोक खड्डामागावर विणतात नि चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात, त्या घोंगडीला गिऱ्हाईक कमी झालं आणि मटणाला भाव आला, मग लोकांनी जतकडची माडग्याळ मेंढी धरली. ती अंगानं मोठी, वजनाला भारी, लोकर मात्र नावाला. बाजारानं मेंढी बदलली आणि त्याचा धागा थेट पालखीपर्यंत पोचला, हे तुला कुठल्याही पुस्तकात आयतं मिळणार नाही.

वाचायचं म्हणशील तर गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक, १९९२ साली गेले, त्यांनी आयुष्यभर धनगरांच्या ओव्या, बिरोबा, खंडोबा यांचाच माग काढला, ते वाच. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी दाखवलं की सह्याद्रीतले म्हशीवाले गवळी धनगर आणि कोरड्या माळावरचे मेंढीवाले हटकर यांची रानं वेगळी, जनावरं वेगळी, त्यामुळं एकमेकांच्या चाऱ्यावर पाय पडत नाही. आणि एक लांबचं. फ्रेडरिक बार्थ हे नॉर्वेचे अभ्यासक १९५०च्या दशकात इराणच्या फार्स प्रांतात बासेरी मेंढपाळांबरोबर राहिले. त्यांना दिसलं की माणूस दोन दारांनी गावात येऊन बसतो. ज्याचा कळप खंगला तो पोटासाठी मजूर म्हणून बसतो, आणि ज्याचा फार वाढला तो जमीन घेऊन हळूहळू जमीनदार होतो, वाटेवर राहतात ते मधले. तुझे वडील कुठल्या दारानं आत आले? आणि त्यांचे भाऊ? मला खात्री आहे एकाच घरात दोन्ही दारं सापडतील. तिथंच आणखी एक गोष्ट घडली होती, इराणचा राजा रझा शाह यानं १९३०च्या दशकात या लोकांना जबरदस्तीनं एका जागी बसवलं, १९४१ला तो पायउतार झाला नि बरेचजण परत वाटेला लागले. तेव्हा एकदा बसला तो कायमचा बसला असं धरून चालू नकोस.

आणि आजीला आधी विचार, आजोबांचं नंतर. पुरुष मेंढ्यांमागं असायचे, पण मुक्कामावर चूल मांडणं, कोकरं सांभाळणं, गावात जाऊन दाणे-मीठ आणणं बायकांचं, त्यामुळं कुठल्या गावात कुणी पाणी भरू दिलं नि कुणी हाकललं हे आजीला जास्त पाठ असणार.

प्रश्न : ताई, मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. पूर्वी दरसाल मेंढ्यांचे वाडे यायचे, आम्ही रानात मेंढ्या बसवायचो, लेंडीखत फुकटासारखं पडायचं. आता बोलावून पण कुणी येत नाही. धनगरांची पोरं आळशी झाली का?

उत्तर : नाही ओ दादा. तुमच्या रानात आता काय आहे ते बघा, ऊस ना? उजनी धरण १९८०ला झालं, पाणी आलं, ऊस आला, आणि ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा. मेंढ्या बसवायच्या तर पीक निघालेलं मोकळं रान पाहिजे, ते उरलंय कुठं? माळ म्हणाल तर कुठं वनखात्याचं कुंपण, कुठं प्लॉटिंग, नान्नजकडं १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य. मेंढपाळानं पाय ठेवायचा कुठं?

पण एक सांगते, ज्या महिन्यांत वाडे यायचे त्याच महिन्यांत तुमच्याकडे आता ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रान तेच, उघड्यावर बिऱ्हाड तेच, पोरांची शाळा बुडते ती पण तशीच. अभ्यासात दोन्हीला स्थलांतर म्हणून एका खान्यात टाकतात त्याचा मला राग येतो. मेंढपाळाचा कळप स्वतःचा, कधी निघायचं कुठं थांबायचं तो ठरवतो, रात्रीचा भाव तुमच्याशी बोलून ठरवतो, नाही पटलं तर वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, गुंडाळून पुढच्या शिवारात. कोयत्यावरचं जोडपं मुकादमाची उचल घेऊन आलेलं असतं, ती फिटेपर्यंत त्यांना कुठं हलता येत नाही. पाय कुणाचे हलतात त्यापेक्षा कुणी हलवले ते विचारायला हवं. वाडा खरंच पाहिजे असेल तर सगळ्या रानात ऊस करू नका, थोडं रान ज्वारी-हरभऱ्याला ठेवा, तुमच्यासारखे चार शेजारी मिळून एका पट्ट्यात ठेवलं तर वाडेवाल्याला पण येणं परवडेल.

प्रश्न : मी सोलापुरात सेटलमेंटला वाढलो, रिक्षा चालवतो. मुलगा कॉलेजात आहे, विचारतो आपण आधी कुठले. काय सांगू?

उत्तर : खरं तेच सांगा भाऊ. इंग्रजांनी १८७१ला कायदा करून कितीतरी फिरत्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढं त्यांना काटेरी तारेच्या आत आणून बसवलं, तीच सेटलमेंट, रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि सोलापूरच्या गिरण्यांना त्यातनं कामगार मिळाले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला कायद्यानं पुसला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. यात तुमच्या घरच्यांनी भटकंती 'सोडली' नाही, ती त्यांच्याकडनं काढून घेतली, हे मुलाला स्पष्ट कळू दे. विमुक्त-भटक्यांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष आपल्या सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके होते, आयोगाचा अहवाल २००८चा, तो त्याला वाचायला सांगा.

मूळ गाव एकच सापडेल असं मात्र नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा लग्नं कुठं जमायची, जातपंचायत कुठल्या जत्रेत बसायची, कुलदैवत कुठलं, पावसाळ्यात पालं कुठं टाकायचे. त्यातनं गाव नाही तरी वाट सापडते.

आणि कागदाचं आत्ताच बघा. विमुक्त-भटक्यांच्या जात पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, ज्यांना पत्ताच नव्हता त्यांनी तो आणायचा कुठनं हा अन्याय आहेच, पण तुमच्याकडे वडलांचा शाळेचा दाखला, गिरणीचं कार्ड, सेटलमेंटच्या काळातली कसलीही नोंद असेल तर झेरॉक्स काढून ठेवा, चुलत्यांच्या ट्रंका पण उघडून बघा, मुलाला ॲडमिशनच्या वेळी धावपळ नको.