खाडीत गळ टाकायला पहिल्यांदा जाताय? आधी हे बघा

कराडवरनं कुंभार्ली घाट उतरून दाभोळ खाडीला जाणार ना भावा, मग रॉड-रीलचं नंतर, आधी भरती-ओहोटीची वेळ बघ. खाडीचं पाणी आपल्या कृष्णेसारखं नाही, सहा-एक तासांनी उलटं फिरतं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीला ते कमी असतं, म्हणून नवख्यानं अष्टमीच्या आसपास जावं.

- जागा: खारफुटीतनं बारका ओहोळ मोठ्या पाण्याला मिळतो ते तोंड धर, ओहोटी लागली की कोळंबी तिथनंच बाहेर येते आणि तांबोशी (खाडीतला लालसर मासा) टपूनच असते.
- चिखलात आधी काठी टोच, गुडघाभर गेली की माघारी फिर. स्लीपर नको, कालवं (धारदार शिंपले) पाय फाडतात.

नवी पोरं हमखास फसतात ती खाडीतल्या उंचवट्यावर, मासा लागतोय म्हणून थांबतात आणि मागचा ओहोळ भरून जातो, म्हणून भरती सुरू व्हायच्या आधीच काठाला ये. ल्युअर (नकली आमिष) सध्या राहू दे, ताजी कोळंबी लाव.