वनस्पतींपासून केलेल्या इंधनावर विमानं उडवली तर पर्यावरणाचा खरंच फायदा होतो का?

कागदावर होतो. रानात उतरलं की हिशोब बसत नाही.

27 ऑगस्ट 2018ला देहरादूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान उडालं, इंधनात 25 टक्के जट्रोफापासून केलेलं मिश्रण. ती बातमी आमच्या दाजींनी मला लगेच पाठवली, खाली लिहिलं, 'आता बोल.' बोलतो.

2003मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेलचं स्वप्न दाखवलं. त्या लाटेत दाजींनी सांगोल्याकडच्या आमच्या सामाईक माळावर जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड लावला. रोपं देणारी कंपनी बी विकत घेणार होती. पडीक जमीन, पाणी नको, जनावर तोंड लावत नाही! जनावर लावत नाहीच, विषारी आहे तो. पेंडसुद्धा गुरांना चालत नाही. आधी त्या माळावर मेंढरं तरी चरायची.

झाडं जगली, फळं धरेनात. धरली ती एकाच घोसात एक हिरवं, एक पिवळं, एक वाळून काळं. म्हणजे त्याच झाडाकडे परत परत जायचं, हातानं तोडायचं, फोडून दोन-तीन बिया काढायच्या. बियांच्या पैशात बायांची मजुरीही भागेना. मग कंपनीचा फोनच लागेना.

दाजी अजून म्हणतात, ठिबक केलं असतं तर चाललं असतं. अहो, ठिबक आणि खत घालायचं तर डाळिंब नसतं का लावलं? पाण्याशिवाय तेल नाही, आणि पाणी दिलं की ते अन्नाच्या पिकाच्या तोंडचं गेलं. विमानाच्या नळकांड्यातून कार्बन जवळपास तेवढाच निघतो. जमेला फक्त झाडानं आधी शोषलेला. त्यातून पंपाची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल, युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, तोही हवा तापवणारा वायूच, हे सगळं वजा करा, मग सांगा.

आता उसाच्या इथेनॉलपासून विमानाचं इंधन करायचं चाललंय. डिसेंबर 2023मध्ये ऊस कमी पडणार म्हटल्यावर केंद्रानं रसापासून इथेनॉल करायलाच मनाई केली होती. एक पावसाळा कोरडा गेला की नळ बंद.

हां, तळणीचं वापरलेलं तेल किंवा शेतातला टाकाऊ माल यांच्या इंधनाबद्दल माझी तक्रार नाही. काजळीही कमी धरते म्हणतात. फक्त सगळ्या विमानांना पुरेल एवढी भजी जगात तळली जात नाहीत.

आणि दाजी, वाचत असाल तर, खोडं उपटायला लावलेल्या जेसीबीचं तुमच्या वाट्याचं भाडं अजून बाकी आहे.