डिजिटल मिक्सरवर फेडर जरा हलवला तरी आवाज उसळतो आणि गेनचा नॉब एकच आहे. नेमकं काय कशाने करायचं?

तुम्ही लिहिलंय की मंडळाने एक्स३२ (बेहरिंगरचा डिजिटल मिक्सर) घेतलाय, हात अ‍ॅनालॉगवर बसलेला, फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) तळाशी असला की केसभर हलवला तरी आवाज उसळतो, आणि ३२ चॅनेलला गेनचा (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा त्याचा) एकच नॉब बघून धडकी भरली. भरली ते बरं झालं. त्या नॉबपायी माझी एक दिवाळी नासली आहे.

उसळण्याचं आधी. फेडर बिघडलेला नाही, त्याची पट्टीच तशी आखलेली असते. शून्यापासून (ही खूण वरच्या भागात असते, तळाला नाही) उणे १० डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाचं माप) अडीच सेंटिमीटर मिळतात. पुढच्या अडीच सेंटिमीटरमध्ये २० डीबी जातात आणि त्याखाली दोन सेंटिमीटरसुद्धा नाहीत तिथे ३०. तुमचा फेडर कायम तळाशी राहतोय म्हणजे गेन जास्त घेतलाय. गेन उतरवा, मीटर उणे १८ च्या आसपास खेळू दे, फेडर आपसूक शून्याजवळ येईल. तिथे बोटाला अंदाज राहतो. पण हे सगळं साऊंड चेकला. कार्यक्रम सुरू झाला की गेनला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही.

सांगलीकडच्या एका गावात दिवाळी पहाट होती. साडेपाचला सुरू, म्हणून आम्ही तीनपासून केबली ओढतोय. गायिका एक नंबरवर, हार्मोनियम तीनवर, तबला-डग्गा चार-पाच, निवेदिका आठवर. गायिकाबाई म्हणाल्या, मॉनिटरला (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) पेटी कमी येते. मी बस १ (त्या मॉनिटरकडे जाणारी वाट) निवडली, सेंड्स ऑन फेडर दाबलं (मग फेडर हॉलचा नाही, मॉनिटरला जाणारा आवाज हलवतात), सगळे फेडर खर्रकन आपापल्या जागी गेले, तीन नंबर थोडा चढवला. इथपर्यंत ठीक. पण ते बटण बंद करायचं राहिलं. चूक माझी, शंभर टक्के माझी.

निवेदिका बोलायला उठल्या. मी बघतो तर आठवा फेडर तळाला. मला वाटलं कोणीतरी खाली ओढलाय, म्हणून थेट शून्यावर नेला. तो हॉलचा फेडर नव्हताच, गायिकेच्या मॉनिटरचा होता, आणि निवेदिका त्याच मॉनिटरशेजारी उभ्या. कूंऽऽऽ करून असं शिट्टलं की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर पदर घेतला.

तेवढ्यात आमचे शेठ (ज्यांचा साऊंड होता ते) मागून झेपावले. "आरं गेन पाड की!" म्हणत त्यांनी एक नंबरचं सिलेक्ट दाबलं आणि गेन गरागरा डावीकडे फिरवला. सिलेक्ट बदलल्याबरोबर माझ्यासमोरचे फेडर पुन्हा खर्रकन हलले. शिट्टी चालूच, कारण ती आठवरून होती. मी परत बस १ निवडून आठवा खाली ओढला, तेव्हा थांबली.

खरी गंमत पुढे. बाईंनी आलाप सुरू केला आणि आवाजच नाही. फेडर जागेवर, म्यूट नाही. मी फेडर पार वर टेकवला तरी मुंगीएवढा आवाज. अर्धा आलाप गेल्यावर डोक्यात उजेड पडला, एक नंबर सिलेक्ट केला, तर गेन ३४ वरून ९ वर. जुन्या अ‍ॅनालॉगवर त्या चॅनेलचा स्वतःचा नॉब असतो, त्याची रेघ वाकडी झालेली लांबून दिसते. इथे नॉब गोल फिरतच राहतो आणि फक्त निवडलेल्या चॅनेलचा आकडा सांगतो. बाकी ३१ जणांचे काय हाल आहेत, ते तो सांगत नाही. शिवाय फेडर पाडला असता तर हॉलपुरता आवाज गेला असता, गेन पाडल्यामुळे बाईंचा स्वतःचा मॉनिटरही मेला. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. मग एकदम ३४ वर नेता येईना, कारण तिथेही शिट्टीची भीती. फेडर शून्यावर आणून गेन हळूहळू चढवला. तोवर मुखडा संपला होता.

शेठ आजही चहाच्या टपरीवर सांगतात, "डिजिटलचा काय भरवसा नाही, पोरानं बटण चुकवलं." बटण मी चुकवलं, मान्य. पण चार सेकंदांची शिट्टी लोक विसरतात, शेठ. आलाप तुमच्या गेनने खाल्ला.

तर तुमचं. ईक्यू, गेट, कॉम्प्रेसर, पॅन (चॅनेलच्या आवाजावरची बारीक कामं) नॉबने. पण आधी सिलेक्ट, मग स्क्रीनवर चॅनेलचं नाव बघा, मग नॉब. नावं भरून ठेवा, "सीएच ०१" घेऊन कार्यक्रम करू नका. पहाटे चारला आकडे आठवत नाहीत. चालू कार्यक्रमातला चढ-उतार फेडरने, आणि वादक जास्त असतील तर त्यांना एका डीसीएवर (अनेक चॅनेल एकत्र चढवणारा-उतरवणारा एकच फेडर) बांधा. लेयर (त्याच फेडरांवर येणारा चॅनेलचा दुसरा गट) बदलताना फेडरवर बोटं टेकवून ठेवू नका, मोटर आहे ती. सेंड्स ऑन फेडरचा दिवा लागलेला असेल तर दुसरं काहीही करायच्या आधी तो विझवा. मी त्या बटणाशेजारी लाल चिकटपट्टी लावतो, लोक हसतात, हसू देत.

हे सगळं एक्स३२ चं सांगतोय. यामाहा किंवा अ‍ॅलन अँड हीथवर बटणांची नावं आणि जागा वेगळ्या, एकदा पुस्तिका चाळा. आणि हो, वर "नाही म्हणजे नाही" लिहिलंय खरं, पण एखादा गायक तालमीत कुजबुजतो आणि कार्यक्रमात गर्जतो, तेव्हा मीटर लाल होतो. प्रीअ‍ॅम्पवरच (गेनने जो चढतो त्या पहिल्या टप्प्यावरच) आवाज फाटत असेल तर फेडर खाली घेऊन काही होत नाही, गेनच उतरवावा लागतो. दोन-तीन डीबी, दोन ओळींच्या मधल्या जागेत, हळूच. शेठ जवळपास नाहीत बघून.