चॅटबॉट वापर, पण पेपर स्वतः उघड

मेडिकल रायटिंगमध्ये चॅटजीपीटी वापरू का, असं विचारलंस. वापर की! इंग्रजी वाक्यं नीट करायला, लांबलचक शोधनिबंधाचा (पेपरचा) गोषवारा म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट अडीचशे शब्दांत बसवायला तो झकास आहे.

संदर्भ मात्र त्याच्या भरवशावर देऊ नकोस. लेखक खरे, जर्नल खरं, साल-खंड-पानं सगळं व्यवस्थित, आणि असा पेपर मुळात अस्तित्वातच नाही, हे मी पाहिलंय. मुळात तो पुढे कुठला शब्द शोभेल ते जुळवतो. म्हणून प्रत्येक संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) शोध, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघड आणि पेपर खरंच तसं म्हणतो का, ते वाच. नुसत्या अ‍ॅबस्ट्रॅक्टवर भागत नाही. पेपर खरा पण निष्कर्ष उलटा, ही चूक जास्त वाईट, कारण ती चटकन दिसतच नाही.

आकडे तर बोट ठेवून ताडून बघ. ऑड्स रेशो २ दिसला की बॉट ‘धोका दुप्पट’ लिहून मोकळा होतो (तसं माणसंही करतात म्हणा). पण ऑड्स म्हणजे घडण्याचं न घडण्याशी प्रमाण, धोका नव्हे. लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. तिथे मिलिग्रॅम पडलं तर हजारपट फरक.

रुग्णाची माहिती किंवा अप्रकाशित ट्रायलचा (औषधचाचणीचा) डेटा सार्वजनिक बॉटमध्ये? अजिबात नाही. नाव खोडलं तरी दुर्मिळ आजार, वय आणि गाव यांवरून माणूस ओळखू येतो.

आणि लपवू नकोस. २०२३ पासून आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) शिफारशींत स्पष्ट आहे: बॉट लेखक होऊ शकत नाही, वापरला असेल तर सांगायचं. क्लायंटलाही आधीच विचारून घे. काहींच्या करारात सरळ मनाई असते.