गावची लोकसंख्या नि एसटी

प्रश्न : आमचं गाव गगनबावडा तालुक्यात, लहानच. ग्रामपंचायतीसाठी गावची माहिती लिहायचीय, लोकसंख्या आणि एसटी-रेल्वेचं खरं कुठनं मिळंल ओ?

उत्तर : २०११ च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक बघा, नेटवर फुकट मिळतंय, त्यात प्रत्येक गावची घरं, बाया-पुरुष, ० ते ६ वयाची पोरं, सगळं वेगवेगळं दिलंय. आकडा जुना झालाय हे खरं, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं आकड्यापुढं साल लिहाच. आणि पुण्या-मुंबईला कायमचे गेलेले त्यात धरलेले नसतात, म्हणून यात्रेची गर्दी बघून आकडा खोटा म्हणू नका!

त्याच पुस्तकात गावात बस आहे का, रेल्वे आहे का तेपण असतंय, नसंल तर अंतर ५ किमीच्या आत, ५ ते १० का १० च्या पुढं एवढंच. तुमच्याकडं रेल्वेला १० च्या पुढंच येणार, कारण एक तर कोल्हापूर गाठायचं नाहीतर घाट उतरून वैभववाडी. पण बस ‘आहे’ म्हणजे दिवसाला किती फेऱ्या ते त्यात कळत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच, तेव्हा डेपोत जाऊन वेळापत्रक उतरून घ्या, मुक्कामाची गाडी असंल तर तीपण लिहा.