डेटा सेंटरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कोल्हापुरात गुऱ्हाळ चालेल का?

नाही चालणार, भावा. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवायची वेळ येते तेव्हा पाक साधारण ११५-११८ अंशांवर असतो. डेटा सेंटरातल्या सर्व्हरमागून, म्हणजे तिथल्या संगणकांमागून, निघणारी हवा असते ३०-४० अंशांची. चुलवाणाशी, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीशी, तिची तुलनाच नको. फिनलंडच्या मँत्साला गावात हीच ऊब हीट पंपाने वाढवून गरम पाण्याच्या पाइपांतून घरोघरी पोचवतात. तिथला हिवाळा कडक. आपल्याकडं थंडीत एक स्वेटर पुरतो, पाइप टाकून करणार काय?

वाळवणाला मात्र उपयोग होईल. गुऱ्हाळापुढं जळणासाठी पसरलेली उसाची चिपाडं अवकाळी सरीत भिजली की चुलवाण नुसतं धुमसत राहतं आणि गुळव्या वैतागतो. तिथं ही कोरडी, कोमट हवा कामाची. फक्त सेंटर अगदी शेजारी हवं. लांबून आणली तर वाटेतच निवेल.